वाचकांचे प्रश्न : "मी आर्टिस्ट होणारे, मला मॅथ्स कशाला?"

प्रश्न : ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि दिवसभर चित्रं काढते. वही, पाठकोरे कागद, पुस्तकाची मागची पानं, काही म्हणजे काही सोडत नाही. पण मॅथ्सचं पुस्तक उघडलं की डोळ्यात पाणी. परवा अपूर्णांकांच्या टेस्टमध्ये फार कमी मार्क पडले, मी बोलले तर म्हणाली, "मी आर्टिस्ट होणारे, मला मॅथ्स कशाला पाहिजे?" मी म्हटलं अगं उद्या चित्रं विकलीस तर हिशोब नको का यायला, तर म्हणे मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतो की! मला पुढे काही बोलताच आलं नाही. तिचे बाबा म्हणतात मार्क सुधारेपर्यंत ड्रॉइंग क्लास बंद. तिला मॅथ्सचं महत्त्व पटवायचं कसं?

उत्तर : सगळ्यात आधी, ड्रॉइंग क्लास बंद करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण मी मुलांना चित्रकलाही शिकवते आणि गणितही, आणि असं झालेलं मी पाहिलंय. क्लास बंद झाला की मुलीच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसते, मॅथ्समुळे माझी चित्रं गेली. मग पुढची कितीतरी वर्षं तुम्ही काहीही समजावा, आत जात नाही.

दुसरं, हिशोबाचं कारण तिला पटलं नाही यात तिचं काही चुकलं नाही. तुम्ही तिला पंधरा वर्षांनंतरचं कारण दिलंत, आणि दहा वर्षांच्या पोरीला पंधरा वर्षं म्हणजे तिच्या आख्ख्या आयुष्याच्या दीडपट झाली की हो. तिला आजचं कारण पाहिजे, तिच्या आजच्या चित्रातलं.

एक निरीक्षण सांगते. चित्र काढणारं मूल हाताचा पंजा वीस वेळा खोडून काढतं आणि कुरकुर करत नाही, कारण पंजा चुकलाय हे त्याचं त्यालाच दिसतं. मॅथ्समध्ये मात्र चूक दुसरा कुणीतरी सांगतो, लाल पेनने, दोन दिवसांनी. तिचं मॅथ्सशी वाकडं आहे ते इथे, असं मला वाटतं. म्हणून महत्त्व "पटवायच्या" भानगडीत पडू नका. तिच्या चित्रात अशी जागा शोधा जिथे चित्र जमत नाहीये, का जमत नाहीये ते तिला कळत नाहीये, आणि तिथे गणित हातात द्या. दिसू द्या तिला तिच्या डोळ्यांनी.

माझ्याकडच्या एका मुलीचं सांगते, साधारण तुमच्या लेकीच्याच वयाची. लांब जाणारा रस्ता काढला होता, कडेला दिव्याचे खांब. तिला माहीत होतं की लांबचे खांब छोटे दिसतात, म्हणून तिने पहिला खांब १२ सेंटीमीटर काढला, मग १०, मग ८, ६, ४, २, आणि दोन खांबांमध्ये प्रत्येक वेळी ३ सेंटीमीटर जागा. अगदी पट्टीने मोजून. आणि चित्राकडे बघून रडायला आली, कारण रस्ता लांब जातोय असं वाटतच नव्हतं, कुंपण तिरकं पडल्यासारखं दिसत होतं. मी तिला चुकलं असं म्हटलंच नाही. एवढंच विचारलं की पहिला खांब तुझ्यापासून एक ढांग लांब आहे असं धर, त्याच्या पुढचा दोन ढांगा, त्याच्या पुढचा तीन. दुप्पट लांब गेलेली वस्तू केवढी दिसेल? तिने थोडा विचार करून "निम्मी" म्हटलं. आणि तिप्पट लांब गेलेली? इथे ती अडकली, मग हळूच म्हणाली, "एक तृतीयांश?"

बस्स, एवढंच आहे ते. १२ चा निम्मा ६, १२ चा एक तृतीयांश ४, एक चतुर्थांश ३, मग २.४, मग २. खांबांची जागासुद्धा याच नियमाने ठरते. रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जाऊन क्षितिजरेषेवर ज्या एका बिंदूत मिळतात (ड्रॉइंगवाले त्याला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात) तिथून पहिला खांब १८ सेंटीमीटरवर असेल तर दुसरा ९ वर, तिसरा ६ वर, मग ४.५, मग ३.६, मग ३. हे अंतर क्षितिजरेषेवरच मोजायचं, तिरकं नाही. आणि पहिल्या खांबाचं टोक आणि बुड त्या बिंदूला फिकट रेघेने जोडून घ्यायचं, म्हणजे बाकी सगळे खांब त्या दोन रेघांच्या मध्ये आपोआप बरोबर उंचीचे बसतात.

तिने परत काढलं. चौथ्या खांबापर्यंत आली आणि कागद हातभर लांब धरून नुसती बघत राहिली. रस्ता खरंच आत गेला होता.

मग आम्ही तिचं जुनं चित्र काढून मोजलं की त्यात खांब खरे कुठे उभे होते. उंचीवरून अंतर काढायचं, १२ ला उंचीने भागायचं. १, १.२, १.५, २, ३ आणि ६ ढांगा. म्हणजे पहिल्या दोन खांबांमध्ये ०.२ ढांगेचं अंतर आणि शेवटच्या दोनांत ३ ढांगांचं, पंधरापट! चित्र का "खोटं" दिसत होतं ते तिला आकड्यांत दिसलं. ही तीच मुलगी होती जी आदल्या आठवड्यात एक तृतीयांश हा एक द्वितीयांशापेक्षा मोठा म्हणत होती, कारण ३ हा २ पेक्षा मोठा. बहुतेक मुलं कधी ना कधी ही चूक करतात. आता ४ सेंटीमीटरचा खांब ६ च्या खांबाच्या मागे उभा आहे म्हटल्यावर छेद मोठा झाला की तुकडा लहान होतो हे वेगळं शिकवायची गरजच पडली नाही. तुमच्या मुलीची टेस्टही अपूर्णांकांचीच होती ना, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं. या रविवारी करून बघा, एक ए फोर कागद आडवा, पट्टी आणि पेन्सिल पुरे.

रंगांचंही तसंच आहे. आकाश रंगवताना मध्येच रंग संपतो, परत कालवला की तसाच येत नाही, आणि आकाशाला जोड दिसतो. हे दुःख चित्र काढणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. तिला सांगा, रंग कालवताना चमचे मोज आणि कोपऱ्यात लिहून ठेव, पांढरा ६, निळा १. पुढच्या वेळी जास्त पाहिजे असेल तर १२ आणि २, कमी पाहिजे तर ३ आणि अर्धा. गुणोत्तर म्हणजे दुसरं काय असतं! एका पट्टीवर एकास एक, एकास दोन, एकास चार, एकास आठ अशा छटा करून ठेवायला सांगा, मुलांना ते फार आवडतं आणि ती पट्टी पुढे कायम वापरता येते.

छोटं चित्र मोठ्या कागदावर घ्यायचं असेल तेव्हा चौकटी आखून घेतात. तिथे एक गंमत आहे जी मोठ्यांनाही चकवते. चित्र लांबीरुंदीला तिप्पट केलं तर रंग तिप्पट लागत नाही, नऊपट लागतो. तिला आधी अंदाज करू द्या, मग छोट्या चित्राएवढे कागदाचे तुकडे कापून मोठ्या कागदावर मांडू द्या. झेरॉक्सवाला ए फोरवरून ए थ्री करताना मशीनवर १४१ टक्के टाकतो, २०० नाही, तेही याचमुळे. १.४१ गुणिले १.४१ म्हणजे जवळजवळ २, म्हणजे कागद बरोबर दुप्पट. ए फोर मधोमध दुमडला तरी त्याचा आकार तसाच राहतो, फक्त लहान होतो, आणि असं होण्यासाठी लांबी रुंदीच्या वर्गमूळ दोन पटच असावी लागते, २९७ मिलिमीटर आणि २१०. ती रोज ज्या कागदावर चित्रं काढते त्या कागदातच वर्गमूळ आहे. दहाव्या वर्षी वर्गमूळ कळायची गरज नाही, पण दुमडून बघायला काहीच हरकत नाही.

आणि तिला हेही सांगा, चित्रकार गणित करत आलेत ते कुणी अभ्यासाला बसवलं म्हणून नाही, त्यांची चित्रं अडत होती म्हणून. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने लांब जाणाऱ्या गोष्टी कागदावर खऱ्यासारख्या कशा दाखवायच्या याचे प्रयोग केले, १४३५ मध्ये अल्बर्टीने त्याचे नियम चित्रकारांसाठी लिहून काढले, पिएरो देल्ला फ्रान्चेस्का तर एकाच वेळी मोठा चित्रकार आणि मोठा गणिती होता, जर्मनीचा चित्रकार ड्यूरर याने १५२५ मध्ये कंपास आणि पट्टी घेऊन आकार कसे मोजायचे यावर पुस्तक छापलं. चित्रकारांच्या याच प्रश्नातून पुढे प्रक्षेपीय भूमिती नावाची गणिताची एक शाखाच उभी राहिली. म्हणजे इथे देणं दोन्ही बाजूंनी आहे, आणि मला वाटतं मुलांना हे कळायला हवं की चित्रकलेने गणिताकडून नुसतं घेतलेलं नाही, त्याला दिलंही आहे.

यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो चित्रकार एशर, नेदरलँड्सचा, १८९८ चा जन्म. शाळेत गणितात अजिबात चमकला नाही. १९२२ मध्ये आणि मग परत १९३६ मध्ये तो स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा नावाच्या जुन्या राजवाड्यात गेला, तिथल्या भिंतींवरच्या फरशांच्या नक्ष्या बघून पार वेडा झाला, आणि एकही फट न ठेवता पक्षी, मासे, पाली एकमेकांत कसे बसवायचे याच्या मागे आयुष्यभर लागला. त्यासाठी जेवढं गणित लागलं तेवढं त्याने आपल्या पद्धतीने, चित्रं काढत काढत शिकून घेतलं. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला गणितज्ञांचं मोठं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं तेव्हा तिथे त्याच्या चित्रांचं प्रदर्शन ठेवलं होतं. पुढे कॉक्सेटर नावाच्या गणितज्ञाने पाठवलेल्या एका आकृतीवरून त्याला वर्तुळाच्या कडेपर्यंत लहान लहान होत जाणाऱ्या आकारांची युक्ती सापडली.

हे घरी करून बघता येतं. जाड कागदाचे सारखे त्रिकोण, चौरस, पंचकोन, षटकोन कापा, सगळ्या बाजू सारख्या आणि कोनही सारखे. तिला म्हणा, फट न ठेवता फरशी बसव. त्रिकोण बसतात, चौरस बसतात, षटकोन बसतात, पंचकोन काही केल्या बसत नाही. ती चिडेल, फिरवून फिरवून बघेल, बघू दे, लगेच सांगू नका. मग कोनमापक द्या. पंचकोनाचा कोन १०८ अंश, तीन एकत्र आले की ३२४, पूर्ण फेरीला ३६ कमी, आणि चौथा घुसवायला जागा नाही. ती जी फट इतका वेळ डोळ्यासमोर होती तिला आता आकडा मिळाला. एशरसारखी नक्षी करायची तर चौरसाच्या डाव्या बाजूने एक वेडावाकडा तुकडा कापायचा, तो तसाच सरळ सरकवून उजव्या बाजूला टेपने चिकटवायचा, वर-खालीही तसंच. जो आकार तयार होईल तो न चुकता एकमेकांत बसतो. मग त्यात डोळा काढा, चोच काढा. आणि जाता जाता विचारा, याचं क्षेत्रफळ किती बदललं?

सोनेरी गुणोत्तर (साधारण १.६१८ ला १) म्हणून एक प्रकार इंटरनेटवर खूप फिरतो, प्रत्येक प्रसिद्ध चित्रावर, इमारतीवर ती गोल गोल रेघ बसवलेली असते. ते मुलीला दाखवण्यात वेळ घालवू नका. ते गुणोत्तर खरं आहे आणि सुंदरही आहे, पण त्याच्या नावावर खपवलेल्या बऱ्याच गोष्टींना पुरावा नाही. जिथे आपल्याला मोजून दाखवता येतं तेवढंच दाखवावं.

आता जे आवडणार नाही ते. सगळं मॅथ्स चित्रातून येणार नाही. पाढे पाठ करावेच लागतात, भागाकाराचा सराव बसून करावाच लागतो. तिला हे लपवू नका, सरळ सांगा की जशी तू सरळ रेघ न थरथरता यावी म्हणून पानंच्या पानं रेघा ओढल्यास तसंच हे आहे. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही, आणि चित्राचं बक्षीस लावून नाही. "दहा गणितं कर मग चित्र काढ" म्हटलं की चित्र म्हणजे गोड औषध आणि गणित म्हणजे कडू असं आपणच शिकवतो. आणि तिच्या प्रत्येक चित्रात डोकावून "बघ, इथे पण मॅथ्स आहे हं" असं तर मुळीच करू नका. आठवड्यातून एखाद्या चित्राला, तेही ती अडली तरच. बाकीची चित्रं तिची तिला काढू द्या.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, टॅबवर डिजिटल पेंटिंग करतो, खरंच छान करतो. त्याचं म्हणणं सगळं ॲपच करतं, आता पट्टी-कंपास आणि गणित कुणाला लागतं. त्याला काय सांगू?

उत्तर : सांगू नका, त्याला एक प्रश्न विचारा. ५० टक्के ओपॅसिटीचा, म्हणजे खालचं निम्मं झाकणारा, काळा लेयर (रंगाचा थर) पांढऱ्यावर टाकला, त्यावर तसाच दुसरा टाकला, तर पूर्ण काळं होईल का? पन्नास आणि पन्नास शंभर, असं बहुतेक मुलं म्हणतात. करून बघितलं की ७५ टक्केच होतं. तिसरा टाकला तर ८७.५. कारण प्रत्येक लेयर उरलेल्या पांढऱ्यातला निम्मा झाकतो, त्यामुळे असे कितीही लेयर टाकत गेला तरी हिशोबाने शंभर कधीच होत नाही.

सावलीसाठी तो मल्टिप्लाय मोड (वरच्या आणि खालच्या लेयरचे रंग मिसळायची एक पद्धत) वापरत असेलच. ते नुसतं नाव नाहीये, ॲप तिथे खरोखर गुणाकार करतं. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०, मधले सगळे रंग मधले आकडे. ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, म्हणून रंग गडद होतो, आणि पांढऱ्याने गुणलं की काही बदलत नाही. गुणलं की संख्या मोठी होते असं मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं, ते या एका मोडने सुटतं. लाल, हिरवा, निळा प्रत्येकाला ० ते २५५ असे २५६ आकडे, म्हणजे २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, एकूण १,६७,७७,२१६ रंग. एवढ्यातून पाहिजे तो रंग अंदाजाने शोधत बसणं आणि कुठला आकडा किती हलवायचा ते माहीत असणं यात कामाच्या वेगाचा फार फरक पडतो.

आणि पेन टूलने तो जो कर्व्ह ओढतो ना, ज्याला दोन हँडल असतात, तो कागदावर काढायला लावा. कुठेही चार टिंबं द्यायची (पहिलं आणि शेवटचं म्हणजे कर्व्हची टोकं, मधली दोन म्हणजे हँडल), क्रमाने जोडली की तीन रेघा. प्रत्येक रेघेचा मध्य काढायचा, ते तीन मध्य जोडले की दोन रेघा, त्यांचे मध्य जोडले की एक रेघ, आणि तिचा मध्य बरोबर त्या कर्व्हवर येतो. मध्याऐवजी सगळीकडे एक चतुर्थांशावर खूण केली की कर्व्हवरचा दुसरा बिंदू मिळतो. ही पद्धत १९५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत द कास्तेल्जो नावाच्या गणितज्ञाने शोधली, गाड्यांच्या बॉडीचे बाक काढायला, आणि हे कर्व्ह ज्याच्या नावाने ओळखले जातात तो बेझिए रेनॉ कंपनीत होता. चौदा वर्षांच्या मुलाला हे अर्ध्या तासात जमतं. मी करून घेतलंय, आणि आपण बोटाने ओढतो ती रेघ आत कशी बनते ते कळल्यावर मुलांचं हँडल धरणंच बदलतं, रेघा जास्त मोकळ्या येतात.

प्रश्न : हे सगळं वाचायला छान आहे पण मला स्वतःलाच मॅथ्स येत नाही, शाळेतच भीती बसली. मी मुलाला काय दाखवणार?

उत्तर : तुम्हाला यायलाच पाहिजे असं नाही, तुम्ही शेजारी बसलात तरी चालेल. "मला पण नाही माहीत, मोजून बघू या" हे वाक्य घरात ऐकलेलं मूल चुकायला कमी घाबरतं. फक्त त्याच्यासमोर "मला कधी जमलंच नाही बाबा मॅथ्स" असं म्हणायचं तेवढं टाळा.

अमेरिकेत मार्जरी राइस नावाच्या एक बाई होत्या, पाच मुलांची आई, गणिताचं शिक्षण हायस्कूलच्या पुढे नाही. १९७५ मध्ये घरी येणाऱ्या एका विज्ञान मासिकात त्यांनी वाचलं की कुठल्या कुठल्या प्रकारच्या पंचकोनांनी फरशी बसते (वर सांगितला तो सगळ्या बाजू-कोन सारखे असणारा पंचकोन बसत नाही, पण वेडेवाकडे काही बसतात). त्यांना सूत्रं येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःच्या खुणा तयार केल्या, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चित्रं काढत बसायच्या, कुणी आलं की झाकून ठेवायच्या. १९७७ पर्यंत त्यांनी चार नवे प्रकार शोधले, जे तोवर कुणालाच माहीत नव्हते. आणि अगदी अलीकडे, २०२२ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड स्मिथ यांनी, तेही हौशीच, छपाईच्या व्यवसायातून निवृत्त झालेले, तेरा बाजूंचा टोपीसारखा एक आकार शोधला जो सगळीकडे एकमेकांत बसतो पण त्याची नक्षी कधीच ठरावीक अंतराने जशीच्या तशी परत येत नाही. असा एकच आकार असू शकतो का हे गणितज्ञ कित्येक वर्षं शोधत होते. स्मिथनी तो आधी कॉम्प्युटरवर मांडून बघितला आणि मग जाड कागदातून कापून टेबलावर जुळवत बसले, सिद्धता पुढे गणितज्ञांच्या जोडीने झाली.

त्या टोपीचा आकार इंटरनेटवर सहज मिळतो. प्रिंट काढा, वीस-पंचवीस कापा, थोड्या उलट्या करूनही लागतात हे लक्षात ठेवा, आणि मुलाला रंगवायला द्या. शेजारच्या दोन टोप्यांना एकच रंग येऊ द्यायचा नाही एवढीच अट घाला आणि विचारा, कमीत कमी किती रंगांत होईल?